काल्यातले दही आणि गावचे गायरान



सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी पौर्णिमेला पालख्या गोपाळपुरी जमतात, काला होतो, आणि मगच वारकरी परतीची वाट धरतो. काल्याचा अर्थ सांगताना आम्ही कीर्तनकार शिदोरीवर बोलतो, पेंद्यावर बोलतो, कुणाची भाकरी कुणाच्या तोंडी गेली त्या गोडीवर बोलतो. पण माउली, काल्यातले दही आले कुठून? दही दुधाचे, दूध गाईचे आणि गाय गवताची. मग गवत कुणाचे? ते सर्वांचे होते. देव रोज सकाळी गाई घेऊन रानात जात होता आणि त्या रानाला कुंपण नव्हते.

हीच गोष्ट आपल्या गावोगावी होती. तिचे नाव गायरान. गाईचे रान, असा सरळ शब्द. पाटलाची खिल्लार जोडी आणि विधवा बाईची एकुलती एक गाय त्याच रानात चरे. गुराखी सकाळी दारोदार हाळी देत गुरे सोडवून नेई, दिवेलागणीला परत आणी. त्याला घरटी बलुत्यासारखे धान्य मिळे. गायरानाखेरीज राखीव कुरणे असत. मराठेशाहीत घोडदळाच्या घोड्यांसाठी आणि बैलांसाठी सरकारी कुरणे राखली जात. दिवाळीनंतर गवत कापून त्याच्या गंजी रचत. पवन्या, मारवेल, शेडा, हरळी, कोवळेपणी गोड आणि पिकल्यावर टोचणारी कुसळी, ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी पिकांच्या नावांसारखी असत.

जसे गवत, तशी गाय घडली. माणदेश, सांगोला, आटपाडीकडच्या कोरड्या माळाने काटक खिल्लार घडवली. अकोले-इगतपुरीच्या धो धो पावसाने डांगी घडवली. लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. कार्तिकी वारीला पंढरीत जनावरांचा बाजार भरतो तो उगाच नव्हे. वारी ही देवाच्या भेटीची तशीच बैलजोडीच्या निवडीची वेळ होती.

इंग्रजी अंमल आला आणि जमीन मोजायची वेळ आली. मुंबई इलाख्यातल्या ज्या मोजणीपद्धतीवर पुढचा सारा महसूल उभा राहिला, तिची सुरुवात १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात केली. तेच इंदापूर, जिथे तुकोबारायांची पालखी मुक्कामाला असते. सर्व्हे नंबर पडले, बांध ठरले. १८७९च्या जमीन महसूल कायद्यात गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याची तरतूद झाली, आणि चराईचा हक्क त्याच गावच्या गुरांपुरता ठरला. कागदावर गायरान आले, पण त्याआधीच १८७८चा जंगल कायदा झाला होता. डोंगर, दऱ्या, पडीक राने जंगलखात्याकडे गेली. जिथे आजा-पणजाची गुरे चरली, तिथे नातवाला कोंडवाड्याचा दंड पडू लागला.

ही व्यथा ज्यांनी शब्दांत मांडली त्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रभागी होते. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवले, की पूर्वी अल्पभूधारक शेतकरी दोन-चार जनावरे पाळून, रानातला पालापाचोळा आणि फळे यांच्या आधाराने तग धरत असे. जंगलखात्याने रान आणि गायराने घेतल्यावर त्याचा तो आधार तुटला. गायरान गेले म्हणजे गरिबाच्या घरचे ताक गेले, असा त्याचा सरळ अर्थ. भाकरी आणि कांद्याबरोबर जे फुकटचे ताक मिळे, त्यावर कष्टकऱ्याची हाडे उभी होती.

आता आरोग्याची बाजू पाहू. गाईच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात. माणसाला जे गवत पचत नाही, ते हे जीव पचवतात आणि त्याचे दूध होते. गाय रवंथ करते ती त्यासाठी. त्याच पोटात एकदम पुष्कळ धान्य गेले तर आतली आंबटाई वाढते आणि जनावर आजारी पडते. हिरव्या गवतातले कॅरोटीन गाईच्या दुधात उतरते, म्हणून तिचे लोणी पिवळसर. म्हैस त्याचे जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून तिचे लोणी पांढरे. रानात चरणाऱ्या गाईच्या दुधात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले धान्यावर पोसलेल्या गाईपेक्षा जास्त असतात, हेही तपासून सिद्ध झाले आहे. एवढे खरे आहे. पण गवतावरच्या गाईचे दूध सर्व रोगांवर औषध आहे, असे कोणी सांगू लागले तर त्याला हात जोडावेत. आणि दूध उकळूनच प्यावे. कच्च्या दुधातून रोग येतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले. आयुष्य, बळ, आरोग्य वाढवणारा तो सात्त्विक आहार. माउलींनी त्यावर सविस्तर भाष्य केले आहे. आमचे गुरुजी म्हणत, ताटातल्या अन्नाची जात पाहताना ते अन्न कुठून आले तेही पाहावे. दावणीला जन्मभर उभी राहिलेली गाय आणि रोज चार कोस चालून चरलेली गाय, यांत चालणारीची प्रकृती वेगळी. पायी वारी करणाऱ्याला हे निराळे समजवायला नको.

तुकोबारायांच्या पालखीच्याच वाटेवर उरुळीकांचन आहे. १९४६ साली महात्मा गांधींनी तिथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. आहार, पाणी, माती, ऊन आणि श्रम यांवर गरिबाचे आरोग्य सुधारावे, हा हेतू. ते काम मणिभाई देसाई यांनी अंगावर घेतले. त्यांनी गीर गाई सांभाळल्या आणि १९६७ साली बाएफ ही संस्था उभारली. संकरित गाईंचा प्रसार तिथूनही झाला. १९७० साली दुधाचा महापूर योजना आली. दूध वाढले, घरात रोख पैसा आला, मुले शिकली. हे उपकार नाकारू नयेत. पण जास्त दूध देणारी गाय माळावर भागत नाही. तिला पेंड, कडबाकुट्टी, विकतचा चारा लागतो. गाय गोठ्यात आली आणि गायरानाकडे गावाचे लक्ष उरले नाही. बघता बघता कुठे इमारत झाली, कुठे कचऱ्याचा ढीग पडला, कुठे खासगी नांगर फिरला.

इथे वारकऱ्याने सावध बोलावे. गायरानावर सगळेच लुटारू नाहीत. ज्यांना गावाने कधी गुंठाभर जमीन दिली नाही, अशा भूमिहीनांनी पोटासाठी तिथे ज्वारी पेरली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली त्यांच्यासाठीच सत्याग्रह केले. ज्याने पोट भरले आणि ज्याने बंगला बांधला, त्या दोघांना एका मापाने मोजणे हा अधर्म होईल. गाईच्या नावाने गरिबाची झोपडी आधी मोडणारा गोपाळाचा सवंगडी नव्हे.

उरलेले तरी राखावे. १९६६च्या महसूल संहितेत मोफत चराईची तरतूद आजही आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवण्यास सांगितले, आणि भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जागांना अपवाद राखला. म्हणजे कायद्यानेही तोच विवेक धरला आहे.

दिंडीत चालणाऱ्या प्रत्येक गावाला माझी एक विनंती आहे. येत्या सप्ताहाच्या आधी तलाठ्याकडे जाऊन विचारा, आपले गायरान किती एकर, कोणत्या गटात, आणि आज तिथे काय आहे. चार एकर मोकळे सापडले तरी पुरे. दोन पावसाळे गुरे घालू नका, मारवेल आणि पवन्या आपोआप वर येईल. त्यानंतर आळीपाळीने चारा. सप्ताहाच्या समितीत भजनाची, पंगतीची जबाबदारी वाटून देतो, तशी गवताचीही द्यावी. त्या रानातल्या गाईचे दही ज्या वर्षी काल्याच्या हंडीत पडेल, त्या वर्षीचा काला खरोखर सगळ्या गावाचा होईल.