‘द क्वॉरीमेन’ : लिव्हरपूलच्या शाळकरी मुलांचा वाद्यवृंद

इंग्लंडच्या वायव्येकडील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात १९५६ साली काही शाळकरी मुलांनी एकत्र येऊन ‘द क्वॉरीमेन’ या नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. चर्चची जत्रा, गल्लीतील समारंभ, नृत्याची सभागृहे आणि कामगारांचे क्लब अशा ठिकाणी सुमारे चार वर्षे हा वाद्यवृंद कार्यक्रम करीत होता. त्याचेच रूपांतर १९६० साली ‘द बीटल्स’ या जगप्रसिद्ध पथकात झाले. बीटल्सची कीर्ती सर्वश्रुत आहे. १९६८ साली हे चौघे महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात ऋषिकेशला येऊन राहिले होते, हेही भारतीय वाचकांना ठाऊक आहे. त्याआधीच्या चार वर्षांत डझनाहून अधिक मुले या वाद्यवृंदात आली आणि त्यांतील बहुतेक निघून गेली. त्यांची हकिगत मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

स्किफल संगीताची लाट

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये टंचाईचे दिवस बराच काळ रेंगाळले. खाद्यपदार्थांवरील नियंत्रण १९५४ साली संपूर्णपणे उठले. अशा वातावरणात वाढलेल्या मुलांच्या हाती वाद्ये विकत घेण्याइतके पैसे नव्हते. लॉनी डॉनेगन या गायकाचे ‘रॉक आयलंड लाइन’ हे गीत १९५६ च्या आरंभी लोकप्रिय झाले आणि ‘स्किफल’ या संगीतप्रकाराची लाट देशभर पसरली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताशी नाते सांगणाऱ्या या प्रकाराला महागडी वाद्ये लागत नसत. एखादी स्वस्त गिटार आणि तिच्यावरील तीन-चार स्वरमेळ एवढ्यावर काम भागे. तालासाठी कपडे घासण्याची पन्हळी पाटी घेत आणि बोटांत शिवणकामाची अंगुस्ताने चढवून ती खरवडीत. खर्जाच्या सुरासाठी चहाची रिकामी पेटी पालथी घालून तिला झाडूचा दांडा व दोरी बांधली जाई. भारत व सिलोन येथून चहा ज्या पातळ लाकडी पेट्यांतून परदेशी जात असे, त्याच या पेट्या होत. चहाच्या मळ्यातून निघालेली पेटी इंग्लंडमधील शाळकरी मुलांच्या हाती पडून वाद्य बनली.

याच सुमारास सक्तीच्या लष्करी सेवेचा अंत जवळ आला होता. १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्या तरुणांना या सेवेसाठी बोलावले गेले नाही. क्वॉरीमेनमधील बहुतेक मुले या तारखेनंतर जन्मलेली होती. एरवी ऐन विशीत दोन वर्षे सैन्यात घालवावी लागून वाद्यवृंदाची फाटाफूट झाली असती.

शाळा, मावशी आणि आई

जॉन लेनन यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० चा. आईवडील विभक्त झाल्याने वूल्टन या उपनगरात मेन्लव्ह अॅव्हेन्यू येथे मावशी मिमी स्मिथ यांच्या घरी ते वाढले. आई ज्यूलिया जवळच राहत असत. शिस्तप्रिय मावशीला गिटारचा नाद फारसा पसंत नव्हता. ज्यूलिया मात्र स्वतः बॅंजो वाजवीत. त्यांनीच मुलाला पहिले स्वरमेळ शिकवले. ते बॅंजोचे असल्यामुळे लेनन यांची गिटारही बराच काळ बॅंजोप्रमाणेच लावलेली असे.

क्वॉरी बॅंक या शाळेतील मित्र पीट शॉटन यांना सोबत घेऊन लेनन यांनी वाद्यवृंद सुरू केला. आरंभीचे ‘ब्लॅकजॅक्स’ हे नाव लवकरच बदलण्यात आले. क्वॉरी म्हणजे दगडाची खाण. शाळेच्या गीतात खाणकामगारांचा उल्लेख होता आणि त्यावरून ‘क्वॉरीमेन’ हे नाव पडले. शॉटन वॉशबोर्ड वाजवीत, एरिक ग्रिफिथ्स गिटार, तर रॉड डेव्हिस बॅंजो वाजवीत. पेटीच्या वाद्यावर बिल स्मिथ, नायजेल वॉली, आयव्हन वॉन आणि लेन गॅरी अशी मुले आळीपाळीने उभी राहिली. कॉलिन हॅंटन हे गादीकाम शिकणारे उमेदवार होते आणि त्यांच्याकडे स्वतःचे ड्रम होते. अशा वाद्यवृंदात ड्रम असणे ही चैनच मानली जाई. पुढे वॉली यांनी व्यवस्थापकाचे काम पत्करले.

९ जून १९५७ रोजी लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहात कॅरोल लेव्हिस यांच्या गुणशोध स्पर्धेत या मुलांनी भाग घेतला. परंतु त्यांची निवड झाली नाही. त्याच महिन्यात रोझबेरी स्ट्रीट येथील समारंभात एका मालमोटारीच्या हौद्यावर उभे राहून त्यांनी गाणी म्हटली.

६ जुलै १९५७

वूल्टन येथील सेंट पीटर्स चर्चच्या वार्षिक जत्रेत ६ जुलै १९५७ रोजी या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. मिरवणुकीत मालमोटारीवर, दुपारी चर्चमागील मैदानावर आणि सायंकाळी समोरच्या सभागृहात अशी तीन वेळा मुले वाजवायला उभी राहिली. आयव्हन वॉन यांनी त्या दिवशी आपल्या शाळेतील एका मित्राला सोबत आणले होते. वॉन आणि हा मित्र या दोघांचाही जन्म १८ जून १९४२ चा. मित्राचे नाव पॉल मॅकार्टनी.

मॅकार्टनी यांचे वडील कापसाच्या व्यापारात विक्रेते होते. तरुणपणी त्यांनी स्वतःचा जाझ वाद्यवृंद चालवला होता. आई मेरी यांचे ऑक्टोबर १९५६ मध्ये कर्करोगाने निधन झाले होते. सायंकाळच्या कार्यक्रमापूर्वी मॅकार्टनी यांनी एडी कॉक्रन यांचे ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ हे गीत सर्व शब्दांसह म्हणून दाखवले आणि गिटार योग्य सुरात लावूनही दाखवली. वाद्यवृंदाचा म्होरक्या असलेल्या लेनन यांच्यापुढे पेच उभा राहिला. आपल्याहून सरस वाजवणाऱ्या मुलाला घेतल्यास आपले स्थान डळमळीत होणार होते. न घेतल्यास वाद्यवृंद होता तेथेच राहणार होता. काही दिवसांनी शॉटन यांच्यामार्फत मॅकार्टनी यांना निमंत्रण गेले.

त्या सायंकाळच्या कार्यक्रमाचा काही भाग बॉब मॉलिन्यू या श्रोत्याने टेपरेकॉर्डरवर मुद्रित केला होता. ही फीत सप्टेंबर १९९४ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ७८,५०० पौंडांना विकली गेली. ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने ती विकत घेतली.

स्किफलकडून रॉक अँड रोलकडे

स्किफल की रॉक अँड रोल, या प्रश्नावरून वाद्यवृंदात मतभेद होऊ लागले होते. लेनन यांचा ओढा एल्व्हिस प्रेस्ली यांच्या गाण्यांकडे होता. डेव्हिस यांना मात्र लोकसंगीत प्रिय होते. ऑगस्ट १९५७ मध्ये कॅव्हर्न क्लबमध्ये लेनन यांनी रॉक अँड रोलची गाणी सुरू केली, तेव्हा ती थांबवावीत अशी चिठ्ठी क्लबचे मालक अॅलन सिट्नर यांनी मंचावर पाठवली. कॅव्हर्न हा त्या काळी जाझचा क्लब होता. पुढे याच तळघरातून बीटल्सची कीर्ती पसरली.

१८ ऑक्टोबर १९५७ रोजी न्यू क्लबमूर हॉलमध्ये मॅकार्टनी यांनी वाद्यवृंदासोबत पहिला कार्यक्रम केला. एकल गिटारवादनाच्या वेळी ते गोंधळले आणि त्यानंतर त्यांनी अशा वादनाचा आग्रह धरला नाही. मुख्य गिटारवादकाची जागा रिकामीच होती. त्या जागी मॅकार्टनी यांनी आपल्या शाळेतील जॉर्ज हॅरिसन यांचे नाव सुचवले. बसचालकाचे चिरंजीव असलेले हॅरिसन १९५८ च्या आरंभी पंधरा वर्षांचेही नव्हते. त्यांनी बसच्या वरच्या मजल्यावर ‘रॉंची’ ही धून वाजवून दाखवल्याचे सांगितले जाते. वयाच्या कारणावरून घेतलेली हरकत लेनन यांनी अखेर मागे घेतली.

नवे येत होते तसे जुने जात होते. डेव्हिस पुढील शिक्षणात गुंतले. शॉटन यांना वॉशबोर्डचा कंटाळा आला होता. एका मेजवानीत लेनन यांनी तोच वॉशबोर्ड त्यांच्या डोक्यावर आपटून मोडला आणि दोघांनीही हसत हा प्रश्न निकालात काढला. हॅरिसन आल्यावर ग्रिफिथ्स यांची गरज उरली नाही. गॅरी यांना क्षयजन्य मेंदूज्वर झाल्याने अनेक महिने रुग्णालयात राहावे लागले.

साडेसतरा शिलिंगांची तबकडी

जुलै १९५८ मध्ये लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, हॅंटन आणि पियानोवादक जॉन लो हे पाच जण केन्सिंग्टन या रस्त्यावरील पर्सी फिलिप्स यांच्या घरी गेले. फिलिप्स यांनी घरातच छोटी ध्वनिमुद्रणशाळा थाटली होती. तबकडीचा खर्च १७ शिलिंग ६ पेन्स होता आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन शिलिंग आले. एका बाजूस बडी हॉली यांचे ‘दॅटल बी द डे’ हे गीत, तर दुसऱ्या बाजूस ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ ही मॅकार्टनी व हॅरिसन यांच्या नावावर असलेली स्वतंत्र रचना मुद्रित झाली.

तबकडीची प्रत एकच असल्याने ती पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी राहू लागली. फिरत फिरत ती लो यांच्याकडे आली आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथेच राहिली. १९८१ साली ती मॅकार्टनी यांनी विकत घेतली. त्यातील गाणी १९९५ साली ‘अँथॉलॉजी’ या संग्रहात प्रथम अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.

दुःखाचा आघात आणि गळती

१५ जुलै १९५८ रोजी ज्यूलिया लेनन बहिणीच्या घरून परतत असताना मेन्लव्ह अॅव्हेन्यूवर मोटारीची धडक बसून मृत्युमुखी पडल्या. मोटार चालवणारा पोलीस शिपाई त्या वेळी सेवेवर नव्हता. अपघातापूर्वी काही क्षण त्यांच्याशी बोलत असलेले वॉली हे घटनेचे साक्षीदार होते. वाद्यवृंदातील दोन प्रमुख मुले आता मातृहीन झाली होती. हे समान दुःख लेनन व मॅकार्टनी यांच्या मैत्रीचा एक धागा ठरला, असे अभ्यासक मानतात.

त्यानंतर कार्यक्रमांची संख्या घटली. बस कर्मचाऱ्यांच्या क्लबमधील एका फसलेल्या कार्यक्रमानंतर घरी परतताना बसमध्येच भांडण झाले. हॅंटन आपले ड्रम घेऊन उतरले ते पुन्हा परतले नाहीत. वाद्यवृंदाला आता ड्रमवादक उरला नाही.

मोना बेस्ट यांचे तळघर

१९५९ साली या मुलांना आधार मिळाला तो भारतात जन्मलेल्या एका महिलेचा. मोना बेस्ट यांचा जन्म दिल्लीचा. त्यांचे थोरले चिरंजीव पीट यांचा जन्म १९४१ साली मद्रास येथे झाला. १९४५ च्या अखेरीस हे कुटुंब ‘जॉर्जिक’ या जहाजाने लिव्हरपूलला पोहोचले. १९५४ च्या डर्बी शर्यतीत मोना यांनी दागिने गहाण ठेवून ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर पैसे लावले. तेहेतीसास एक या भावाने तो घोडा जिंकला आणि त्या रकमेच्या आधारे त्यांनी वेस्ट डर्बी भागात मोठे घर घेतले. त्याच घराच्या तळघरात त्यांनी तरुणांसाठी ‘कॅस्बा कॉफी क्लब’ सुरू केला.

लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन व केन ब्राउन यांनी तळघराच्या रंगकामातही हातभार लावला. २९ ऑगस्ट १९५९ रोजी क्लबच्या उद्घाटनाला ‘क्वॉरीमेन’ याच नावाने ते वाजवायला उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये ब्राउन आजारी असल्याने एका रात्री वाजवू शकले नाहीत. मोना यांनी त्यांनाही त्यांचा वाटा दिला. उरलेल्या तिघांना हे मान्य झाले नाही आणि ते क्लब सोडून गेले.

नव्या नावाने

नोव्हेंबर १९५९ मध्ये ‘जॉनी अँड द मूनडॉग्ज’ या नावाने तिघेही मॅंचेस्टर येथील लेव्हिस यांच्या स्पर्धेत उतरले. विजेत्याचा निर्णय कार्यक्रमाच्या शेवटी टाळ्यांच्या गजरावरून होत असे. परगावी मुक्काम करण्याइतके पैसे जवळ नसल्याने त्यांना निकालापूर्वीच परतावे लागले. १९६० च्या आरंभी लेनन यांचे कला महाविद्यालयातील मित्र स्टुअर्ट सटक्लिफ बेस गिटार घेऊन दाखल झाले. नाव अनेकदा बदलत अखेर ऑगस्ट १९६० मध्ये ‘द बीटल्स’ असे निश्चित झाले. जर्मनीतील हॅम्बर्गला निघण्यापूर्वी ड्रमवादक म्हणून पीट बेस्ट यांची निवड झाली. दोनच वर्षांनी त्यांच्या जागी रिंगो स्टार आले.

मागे राहिलेले सवंगडी

वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्या मुलांनी आपापले मार्ग चोखाळले. हॅंटन गादीकामाच्या व्यवसायातच राहिले. डेव्हिस केंब्रिज विद्यापीठात शिकले. वॉन अध्यापनाकडे वळले. ‘मिशेल’ या गीतातील फ्रेंच शब्दांसाठी मॅकार्टनी यांना त्यांच्या पत्नीचे साह्य झाले होते. कंपवाताने आजारी असलेल्या वॉन यांचे १९९३ साली निधन झाले.

वूल्टनच्या जत्रेला चाळीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९९७ साली, शॉटन, डेव्हिस, गॅरी, ग्रिफिथ्स आणि हॅंटन हे पाच जण पुन्हा एकत्र आले आणि जुन्या नावाने देशोदेशी कार्यक्रम करू लागले. ग्रिफिथ्स यांचे २००५ साली, तर शॉटन यांचे २०१७ साली निधन झाले. मिमी मावशींचे घर आणि फोर्थलिन रोडवरील मॅकार्टनी कुटुंबाचे घर या दोन्ही वास्तू ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या ताब्यात आहेत.

‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ हे गीत मॅकार्टनी यांनी वयाची पंच्याहत्तरी ओलांडल्यानंतरही आपल्या जाहीर कार्यक्रमांतून सादर केले आहे. पाच मुलांनी प्रत्येकी साडेतीन शिलिंग काढून मुद्रित केलेले हे गीत आता हजारोंच्या समुदायापुढे गायले जाते. ज्या वाद्यवृंदाने ते प्रथम गायले, त्याचे नाव आजही एका शाळेच्या गीतातून घेतलेले ‘क्वॉरीमेन’ हेच आहे.