परतीची गाडी कितीची?

शेवटचं गाणं सुरू झालंय आणि आपलं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये आहे. व्हिडिओ काढायला नाही, शेवटची लोकल कितीची ते बघायला. मुंबईत रात्रीचा कार्यक्रम पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. घरी कसं जायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं आपण धरूनच चालतो. पण लोकांना कार्यक्रमाला आणणं आणि परत नेणं हे एके काळी आयोजनातलंच काम मानलं गेलं होतं. ही गोष्ट इंग्लंडमधली, १८४१ सालची.

थॉमस कुक हा मार्केट हार्बरो गावात लाकूडकाम करून पोट भरणारा माणूस. लोकांनी दारू सोडावी म्हणून झटणाऱ्या चळवळीचा कार्यकर्ता. अशाच एका सभेसाठी तो पंधराएक मैलांवरच्या लेस्टरला पायी निघाला होता. वाटेत त्याच्या मनात आलं, नवी आलेली रेल्वे सभेच्या कामी का येऊ नये? त्याने रेल्वे कंपनीशी बोलून खास गाडी ठरवली. ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसं लेस्टरहून लफबरोच्या सभेला गेली आणि त्याच गाडीने परत आली. भाडं जाऊन-येऊन एक शिलिंग.

दहा वर्षांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा भलामोठा महाल उभा राहिला. १८५१चं हे महाप्रदर्शन सुरुवातीला पैसेवाल्यांचंच होतं. मेअखेरीस आठवड्यातल्या काही दिवसांसाठी तिकीट एक शिलिंगवर आणलं गेलं. पण यॉर्कशरच्या गिरणी कामगाराला शिलिंगपेक्षा लंडन महाग होतं. महालाचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन याने कुकला या कामात ओढलं. कुकने रात्रभर धावणाऱ्या गाड्या ठरवल्या, लंडनमध्ये स्वस्तात राहण्याची सोय लावली, या सहलींसाठी वर्तमानपत्र काढलं. गावोगावच्या मंडळांत कामगार दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करत. रेल्वे कंपन्यांच्या चढाओढीत जाऊन-येऊन भाडं पाच शिलिंगांपर्यंत उतरलं. एकट्या कुकने दीड लाखाच्या आसपास माणसं नेली. प्रदर्शनाला साडेपाच महिन्यांत ६० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या.

ती गाडी कोळशावर चालायची, तिला पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. घेण्यासारखी होती ती तिची व्यवस्था. प्रवासाची सोय झाली, म्हणून प्रदर्शन गरिबाच्या आवाक्यात आलं.

मग मोटार आली आणि ही जबाबदारी हळूहळू गळून पडली. आयोजकाने वाहनतळ दाखवायचा, बाकी तुमचं तुम्ही बघा. हे कुठवर जाऊ शकतं ते ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकला दिसलं. महिनाभर आधी ऐनवेळी जागा बदलून महोत्सव बेथेलच्या एका शेतावर आला होता. चार लाखांच्या आसपास लोक लोटले. रस्ते तुंबले, लोक गाड्या तिथेच सोडून चालू लागले. कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. ठरलेले वादक वाटेत अडकल्यामुळे पहिल्यांदा रिची हेवन्सला मंचावर उभं केलं गेलं.

वुडस्टॉकची आठवण संगीतासाठी निघते, ते बरोबरच आहे. पण आज हिशोब मांडला तर मोठ्या कार्यक्रमाच्या कार्बन उत्सर्जनात बहुतेकदा सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा निघतो. मंचावरचे दिवे सौरऊर्जेवर लावले आणि प्रेक्षक एकेकटे गाडीतून आले, तर फार काही वाचत नाही.

म्हणून काही जण पुन्हा कुकच्या वाटेने निघालेत. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीमध्ये मैफलीच्या तिकिटावरच शहरातल्या बस-मेट्रोचा प्रवास होतो. ऑगस्ट २०२४मध्ये मॅसिव्ह अटॅक या बँडने ब्रिस्टलमध्ये कार्यक्रम केला, तेव्हा सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी वाहनतळच ठेवला नाही. त्याऐवजी जादा रेल्वेगाड्या आणि विजेवरच्या बस होत्या.

आपल्याकडेही हे जमतं. जानेवारी २०२५मध्ये अहमदाबादला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा मुंबईहून विशेष गाड्या सुटल्या आणि तिथली मेट्रो मध्यरात्रीनंतरही धावली. पण अशी सोय मोठ्या नावांपुरतीच का असावी? दादरचं शिवाजी मंदिर नाटकवेड्यांचं हक्काचं ठिकाण झालं, त्यात स्टेशन चालत जाण्याएवढं जवळ असण्याचा वाटा आहेच. कल्याणचा माणूस येतो, वसईचाही येतो.

परतीची सोय नसली की आधी कोण गळतं, आठवून बघा. रात्री एकटी परतणारी मुलगी, कॅबचे पैसे न परवडणारा विद्यार्थी, लांबच्या उपनगरात राहणारे सगळे. रिकामी राहिलेली त्यांची खुर्ची कुठल्याच हिशोबात येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी, पहिल्या रांगेची किंमत विचारतो तितक्याच हक्काने आयोजकांना विचारू या: परतीची गाडी कितीची?