पंधराशे मीटरांची शर्यत

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या खेड्यांत पोहणे शिकावयाचे ते विहिरीत. पाठीला सुका भोपळा बांधावा, कोणी वडीलधाऱ्याने थारोळ्यावरून खुशाल ढकलून द्यावे, आणि यथावकाश भोपळा सुटावा, असा तो अभ्यासक्रम. या शिक्षणाने मनुष्य बुडत नाही. सूर मारण्यात तर तो पटाईत होतो. परंतु विहिरीला खोली असते, लांबी नसते. मान वर ठेवून सपासप हात मारण्याची आपली रीत तेथे पुरते. अंतर कापावयाचे झाले म्हणजे मात्र तिचे दोष उघडे पडतात.

मुख्य दोष मानेचा. डोके उंचावले की कंबर व पाय खाली जातात, आणि तिरक्या झालेल्या शरीराला पाणी अधिक अडविते. क्रॉल पद्धतीत तोंड पाण्यात असते. श्वासापुरती मान कुशीकडे वळवावयाची, आणि हात आळीपाळीने पुढे टाकून पाणी मागे रेटावयाचे. ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे वाटेल तसे पोहण्याची मुभा. पण क्रॉल सर्वांत वेगवान ठरल्यापासून शर्यतीत त्या मुभेचा फायदा सहसा कोणी घेत नाही, ही एक गंमतच! ५० मीटरांच्या तलावात १५०० मीटर म्हणजे ३० लांब्या. एवढ्या पल्ल्यात पायांना आवर घालावा लागतो, कारण मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात आणि त्या मानाने वेग थोडाच देतात.

१९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत जपानच्या कुसुओ कितामुरा या चौदा वर्षांच्या मुलाने १९ मिनिटे १२.४ सेकंदांत जिंकली. त्याच शर्यतीसाठी आपला नलिन मलिकही पाण्यात उतरला होता, हे आज थोड्यांसच स्मरत असेल. १९३८ साली जपानच्याच अमानो याने १८ मिनिटे ५८.८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पुढे महायुद्ध आले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला पराभूत जपानला निमंत्रण नव्हते. तेव्हा जपानी जलतरणपटूंनी त्याच ऑगस्ट महिन्यात, लंडनच्या शर्यती चालू असतानाच, तोकियोत आपल्या राष्ट्रीय स्पर्धा भरविल्या. लंडनला अमेरिकेच्या जेम्स मॅक्लेनने १९ मिनिटे १८.५ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. तोकियोत हिरोनोशिन फुरुहाशी याने १८ मिनिटे ३७ सेकंद घेतले. दोघे एकाच तलावात असते तर मॅक्लेन एका लांबीहून अधिक मागे पडला असता! पण जपान आंतरराष्ट्रीय संघटनेबाहेर असल्याने हा विक्रम मान्य झाला नाही.

फुरुहाशीची शैली पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी नव्हती. युद्धकाळी विद्यार्थ्यांना कारखान्यात राबविले जाई. तेथे यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताचे मधले बोट तुटले होते. पाणी धरणारा हात एका बाजूने उणा पडला, म्हणून उजव्यावर भार टाकून पोहण्याची स्वतःची रीत त्याने बसविली. त्याच्या पराक्रमाचे श्रेय अपमानित राष्ट्राच्या जिद्दीला देण्याचा प्रघात आहे. मला ते अर्धेच पटते. पंचविसाव्या लांबीला, खांदे भरून आले असता, लंडनचे घड्याळ कोणाला ढकलीत नाही. ढकलीत होता तो शिरो हाशिझुमे, त्याच्याच विद्यापीठातला सोबती, जो त्या दिवशीही अगदी त्याच्या पाठोपाठ होता. १९४९ साली जपानला पुन्हा प्रवेश मिळाला आणि दोघे लॉस एंजेलिसला गेले. प्राथमिक फेरीतच हाशिझुमेने १८ मिनिटे ३५.७ सेकंद घेऊन अमानोचा विक्रम मोडला. आणि फुरुहाशीने तो १८ मिनिटे १९ सेकंदांवर नेला.

ऑलिंपिक मात्र उशिरा आले. १९५२ साली हेलसिंकीत फुरुहाशी ओसरला होता. ४०० मीटरांत तो आठवा आला. हाशिझुमेला १५०० मीटरांत रौप्यपदक मिळाले, आणि सुवर्णपदक नेले ते फोर्ड कोनोने. हा हवाईत जन्मलेला, जपानी आईबापांचा मुलगा अमेरिकेकडून पोहत होता.

आपल्याकडे या पल्ल्यात असा शेजारचा सोबती फारसा लाभत नाही. जुलै २०२२ मध्ये भुवनेश्वरच्या कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून पोहणाऱ्या वेदांत माधवनने १५०० मीटरांना १६ मिनिटे १.७३ सेकंद घेऊन विक्रम केला. मोडला तो मध्य प्रदेशाच्या अद्वैत पागेचा, १६ मिनिटे ६.४३ सेकंदांचा. पागे त्या वेळी कनिष्ठ गटात राहिलाच नव्हता. तलावात त्याचा फक्त आकडा होता.