आरागिरणीतील हाताच्या दुखापती

आरागिरणीतील हाताच्या दुखापती म्हणजे लाकूड चिरणाऱ्या यंत्राचे पाते, पट्टा किंवा कप्पी यांमुळे कामगाराच्या बोटांस, तळव्यास वा मनगटास होणाऱ्या इजा होत. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत सागवानाची तोड व चिराई हा जुना व्यवसाय असल्याने तेथे या विषयास विशेष महत्त्व आहे. आलापल्लीचे सागवान प्रसिद्ध असून बल्लारशाह येथे लाकडाचे मोठे आगार आहे.

कारणे

ओंडका पात्याकडे ढकलताना गाठ किंवा लाकडात रुतलेला खिळा आडवा आल्यास ओंडका एकाएकी उसळतो व हात पात्यावर जातो. चालू यंत्रावरील भुसा हाताने काढणे आणि पात्याचे आवरण काढून ठेवणे हीदेखील प्रमुख कारणे आहेत. हातमोजे नेहमीच संरक्षण देतात, हा समज फिरत्या यंत्रांबाबत चुकीचा आहे. मोजा किंवा सैल बाही अडकून हात आत खेचला जातो. भातगिरणीचे पट्टे व कागद कारखान्यातील रूळ यांत हात कापला जाण्यापेक्षा चिरडला जातो. असा अवयव पुन्हा जोडणे अधिक कठीण असते.

प्रथमोपचार

प्रथम यंत्र बंद करून जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा व हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोटाचा बर्फाशी थेट संपर्क येऊ देऊ नये. त्याने पेशी मरतात. दुर्गम तालुक्यांतून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास लांबचा असल्याने ही काळजी निर्णायक ठरते.

कायदा व भरपाई

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागांस आवरण असणे बंधनकारक होते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कमाई करण्याच्या क्षमतेतील घट पुढीलप्रमाणे धरली होती :

अंगठा – ३० टक्के
संपूर्ण तर्जनी – १४ टक्के
एका हाताची चार बोटे – ५० टक्के
दोन्ही हात – १०० टक्के

बोटांच्या बाबतीत उजव्या व डाव्या हातात भेद केलेला नव्हता. दावा सामान्यतः अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. लहान गिरण्यांत हजेरीची वा मजुरीची लेखी नोंद नसल्यास मालक-कामगार नाते सिद्ध करणे अवघड जाते; म्हणून अशी नोंद जपणे कामगाराच्या हिताचे असते. या दोन्ही कायद्यांचे विषय २०२० च्या कामगार संहितांत समाविष्ट करण्यात आले आहेत.