मन राखण्यापुरते दोन झुरके

पहिली सिगारेट कुणी स्वतःसाठी ओढत नाही. मी कॉलेजात ओढली ती एका वर्गमित्राचं मन राखायला. पुढं चाळीस वर्षं मी कुणाकुणाचं मन राखत होतो, ते आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या वहीत लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी जिना चढताना छातीत कळ आली. डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान. पट्टी न्याहाळत म्हणाला, "काका, आता सोडा." मी म्हटलं, "त्रेसष्टाव्या वर्षी सोडून काय मिळणार?" त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. प्रश्न तसाच राहिला. मग मी इतिहासाकडं वळलो. सबब हवी असली की इतिहास सहसा निराश करत नाही.

तर साठी उलटल्यावर धुराला तोंड लावणारे गृहस्थ म्हणजे साक्षात अकबर बादशहा! १६०४-०५ च्या सुमारास त्याचा वकील असदबेग विजापूरहून परतला, तो तंबाखू घेऊन. (म्हणजे हे लचांड मुघल दरबारात गेलं आपल्या दख्खनमधूनच.) रत्नजडित चिलीम आणि आदिलशहानं दिलेली पानाची पिशवी तंबाखूनं गच्च भरलेली, असा थाट. बादशहानं विचारलं, हे काय? झुरका घेणार तोच हकीम आडवा आला. बादशहा म्हणाला, असदबेगाचं मन राखायला थोडी ओढलीच पाहिजे! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. हिंदुस्थानचा बादशहा आणि आमचा वर्गमित्र, शब्द तेच!

हकिमाचं म्हणणं, आमच्या ग्रंथात याचा उल्लेख नाही. असदबेगानं वाद घातला की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. वादात तो जिंकला. दरबारातल्या उमरावांनी तंबाखू मागून नेली, व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली. अकबरानं मात्र दोन-तीन झुरक्यांवर थांबून पुन्हा नाद केला नाही. जहांगीरनं १६१७ मध्ये बंदीचं फर्मान काढलं. ते किती पाळलं गेलं, हे हुक्क्याच्या पुढच्या इतिहासावरून दिसतंच.

म्हणजे हकीम बरोबर होता, पण पुरावा नव्हता. तो जमायला साडेतीनशे वर्षं लागली. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी ब्रिटनमधल्या सुमारे साठ हजार डॉक्टरांना पत्रं घालून विचारलं, तुम्ही ओढता का, आणि किती? चाळीस हजारांनी उत्तरं दिली. मग हे शांतपणे बसले, कोण कशानं जातो ते मोजत. डॉक्टरांवर नजर ठेवणं सोपं, ही त्यातली युक्ती. डॉल स्वतः ओढत असत. त्याआधीच्या पाहणीचे आकडे दिसू लागले तशी त्यांनी सोडली, आणि ९२ वर्षं जगले. उलट १९५४ मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी सिगारेटचा धोका पत्रकारांना सांगितला तो सिगारेटीमागून सिगारेट ओढत. १९७० मध्ये ५६ व्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते, आणि म्हणूनच रात्री झोप लागली नाही.

डॉक्टरांच्या पाहणीचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये छापून आला. ओढणाऱ्याचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी तोकडं. फुप्फुसंच नव्हे, हृदयही त्यात. तिशीत सोडली तर जवळजवळ दहाही वर्षं परत, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठीत? तीन. सरासरीच ती, माझ्या नावाची पावती नव्हे. पण शिवाय, सोडल्यावर वर्षभरात सिगारेटमुळं वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण निम्म्यावर येतो, असंही वाचलं. सबब शोधायला गेलो आणि तीन वर्षं हातात पडली! तीन वर्षांत नात शाळेत जायला लागेल.

सोडली. पहिले पंधरा दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही, किंवा बोललं ते मला सहन झालं नाही.

परवा तोच वर्गमित्र आला. गॅलरीत बसल्यावर पाकीट पुढं केलं. "अरे, एक घे. माझं मन राखायला!"

मी अकबराची गोष्ट काढणार, तेवढ्यात आतून आमचा हकीम चहाचे कप घेऊन बाहेर आला. "अहो," ती त्याला म्हणाली, "तुमचं वय काय हो आता?"

"चौसष्ट."

"मग बसा. यांनी कागदावर आकडे लिहून ठेवलेत, ते दाखवते."