राब : एका काळ्या चौकोनाचा इतिहास

१/
वैशाखात मुरबाडहून माळशेजकडे किंवा शहापूरहून माहुलीच्या पायथ्याकडे जाताना भातखाचरांच्या कडेला जळालेल्या जमिनीचे काळे चौकोन दिसतात. ती वणव्याची खूण नव्हे. शेतकऱ्याने जमिनीचा तो तुकडा जाणूनबुजून भाजलेला असतो. त्याला म्हणतात ‘राब’. एकोणिसाव्या शतकात याच राबावरून ठाणे जिल्ह्यातील शेतकरी आणि वनखाते समोरासमोर आले. त्या वादाचा हा मागोवा.

२/
प्रथम हवामान पाहू. सह्याद्रीच्या कुशीतील या दोन तालुक्यांत वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळपास सगळाच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन कोरडी असते. त्यामुळे कोरडवाहू भातशेतीत चूक सुधारण्याची संधी फार थोडी मिळते.

३/
भाताचे रोप आधी लहान वाफ्यात वाढवायचे आणि मग चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे, ही येथील रीत. या लावणीला येथे ‘आवणी’ म्हणतात. रोहिणी-मृगात पेरणी आणि आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, असा हा हिशेब. पाऊस पुरता बसण्याच्या वेळी रोप हाताशी तयार हवे. ते उशिरा आले तर पीकही उशिरा येते, आणि पाऊस लवकर सरला तर दाणा भरत नाही.

४/
हे रोप वेळेवर आणि जोमदार यावे म्हणून राब. थंडी सरता सरता ऐन, किंजळ अशा झाडांच्या डहाळ्या तोडून वाळवायच्या. या तोडीला ‘टहाळ’ म्हणतात. मग वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर टहाळ आणि पालापाचोळा, त्यावर गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. या मातीमुळे आग भडकत नाही. ती मंद धुमसत राहते आणि खालची जमीन चांगली भाजून निघते.

५/
राबाचा वाफा लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे लहान शेतकऱ्याचे वर्षभराचे पोट त्या एवढ्याशा तुकड्यावर अवलंबून असे. तेथे रोप बसले नाही, तर दुसऱ्यांदा पेरायला बियाणे कोठून आणणार? सावकाराकडून. पावसाळ्यात खाण्यासाठी काढलेल्या धान्याच्या कर्जाला ‘खावटी’ म्हणत, आणि ती सुगीत व्याजासह फेडावी लागे.

६/
आता प्रश्न असा की एवढे गवत आणि पाला येई कोठून? उत्तर आहे ‘वरकस’ जमीन. डोंगरउतारावरील या हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग खुरासणी किंवा तीळ अशी पिके आलटून-पालटून घेत. कस उतरला की जमीन काही वर्षे पडीक ठेवत. पडीक म्हणजे मात्र निरुपयोगी नव्हे. तेथे गवत माजे. त्यावर गुरे चरत, घर शाकारले जाई आणि उरलेले राबाला जाई.

७/
म्हणजे खाचर, वरकस आणि रान हे तिन्ही मिळून एक शेत होते. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकर, वारली यांची भातशेती या तिन्हींच्या आधारावर उभी होती. कागदावर मात्र या तिन्हींची नोंद वेगवेगळी होती. वादाचे मूळ येथेच आहे.

८/
१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वाशिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचला. रेल्वेला स्लीपर आणि जळण हवे होते. वाढत्या मुंबईला लाकूड, कोळसा आणि घोडे-म्हशींसाठी गवत हवे होते. शहापूरच्या रानाला आता दूरच्या बाजारात किंमत आली.

९/
१८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलाचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग केले. टहाळ कोठे तोडायचा, कोणत्या झाडाचा आणि केव्हा, हे आता वनखाते ठरवू लागले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एकाएकी ‘सवलत’ झाली, आणि सवलत काढूनही घेता येते. नियम मोडला तर दंड, आणि नियम पाळला तर वाफ्यावर घालायला पाला नाही, अशा कोंडीत शेतकरी सापडला.

१०/
वनखात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. वर्षानुवर्षे छाटलेल्या ऐनाचे नुसते खुंट उरत. उघड्या पडलेल्या डोंगरावरून माती वाहून जाई. ही काळजी खोटी नव्हती. परंतु त्याच रानातून शहराकडे जाणारे लाकूड ‘उत्पन्न’ ठरत होते आणि शेतकऱ्याचा टहाळ ‘नासाडी’. असंतोष त्यामुळे वाढला.

११/
तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी त्याच्यापुढे आली आणि त्यांत राबाचा प्रश्न ठळक होता. अहवाल १८८७ मध्ये आला. राब बंद झाला नाही. काही जंगलांत, काही झाडांपुरती टहाळ तोडण्याची मुभा नियमांखाली चालू राहिली.

१२/
यातून एक शास्त्रीय प्रश्नही पुढे आला : राब खरोखर आवश्यक आहे की ती निव्वळ सवय आहे? इंग्लंडहून भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची सविस्तर चर्चा केली. भारतीय शेतकरी अडाणी आहे, हा रूढ समज त्या अहवालाने एकंदरीतच नाकारला.

१३/
पुढचे पाऊल पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पडले. हॅरोल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांचा राबावरील अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राख हे खत आहे, असे एक कारण तोवर सांगितले जाई. या अभ्यासाने खुद्द जमीन तापण्याच्या परिणामाकडे लक्ष वेधले. तापलेल्या मातीत रोपाला सहज घेता येईल अशी विद्राव्य द्रव्ये वाढतात.

१४/
थोडेच आधी, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन हेही तापवलेल्या मातीची सुपीकता का वाढते, हेच शोधत होते. तेथे जो प्रश्न प्रयोगशाळेत मांडला गेला, त्याचा उपयोग मुरबाडचा शेतकरी शेणाच्या आणि पाल्याच्या आगीने कधीपासून करत होता.

१५/
राबाचे आणखी दोन फायदे शेतकऱ्याला ठाऊक होते. जमिनीतील तणाचे बी जळून जाई. संततधारेत वाफा निंदणे जवळजवळ अशक्य, म्हणून हे महत्त्वाचे. शिवाय भाजलेली माती भुसभुशीत राही, त्यामुळे रोप मुळे न तुटता सहज उपटून येई. आवणीच्या घाईत वाचलेली प्रत्येक घटका मोलाची होती.

१६/
स्वातंत्र्यानंतर पर्याय आले. बोरिवलीच्या कोरा केंद्रातून पुढे आलेल्या ‘जपानी पद्धती’चा १९५० च्या दशकात देशभर प्रचार झाला. तिच्यातील गादीवाफ्याला शेणखत पुरते, आग लागत नाही. पुढे रासायनिक खते आणि तणनाशके आली. कृषी विभाग आज राब जाळू नका असे सांगतो. त्याची कारणे योग्य आहेत : जंगल वाचते, धूर टळतो आणि मातीतील सेंद्रिय अंश टिकतो.

१७/
तरीही काळे चौकोन पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत. मृग कोरडा गेला किंवा एकाच रात्रीच्या पावसाने रोप वाहून गेले की दुबार पेरणीचे संकट आजही तसेच उभे राहते. नव्या पद्धतीला खत, अवजार आणि पैसा लागतो. ज्याच्याकडे केवळ पाला, गवत आणि स्वतःचे दोन हात आहेत, तो जुन्या वाटेला का वळतो, हे या इतिहासावरून कळते.

१८/
१८८५ च्या वादात सरकार झाडे मोजत होते आणि शेतकरी पावसाचे दिवस. दोघांचीही मोजणी खरी होती. मात्र नियम लिहिण्याचा अधिकार एकाच्याच हाती होता. पुढच्या वेळी माळशेजच्या वाटेवर असा काळा चौकोन दिसला, तर त्यात केवळ राख पाहू नका. एका कुटुंबाने येणाऱ्या पावसाळ्यासाठी केलेली ती तजवीज आहे.