ओ नोंदलेलं, पण ओ नसलेलं रक्त

मुंबईच्या रक्तपेढ्यांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. नव्या मुलांना ग्रुपिंग शिकवताना मी ओ सेल्सच्या नळीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबायचे, कारण घाईत नेमकी तीच गाळली जाते. पेशींना अँटी-ए लावलं, अँटी-बी लावलं, कुठेच गाठी धरल्या नाहीत. म्हणजे ओ, असं लिहून मोकळं होता येतं. पण त्याच माणसाचं सीरम ओ गटाच्या पेशींवर टाकल्यावर तळाशी लाल गाठ धरली, तर हातातलं काम तिथेच थांबवायचं. ओ गटाच्या सीरमने ओ पेशींना धक्का लावायचा नसतो. असं सीरम ज्याचं आहे त्याला ओ रक्त चढवलं, तर त्याच्या जिवावर बेतेल.

ही गोष्ट जगाला कळली ती मुंबईतून. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी अशा रक्ताचं वर्णन ‘द लॅन्सेट’मध्ये छापलं. सोबत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांची नावं होती. ए नाही, बी नाही, आणि ओ पेशींवर जो एच नावाचा घटक असतो तोही नाही, असं हे रक्त. आमच्या शहराचं नाव त्याला कायमचं चिकटलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. साध्या नळ्या, चांगलं सीरम आणि न जुळणाऱ्या क्रॉसमॅचचा पिच्छा न सोडणारी माणसं, एवढ्यावर हा शोध लागला.

पण खरं कोडं आनुवंशिकतेचं होतं. 1955 साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक इटालियन वंशाची बाई सापडली. चाचणीत ती ओ यायची, पण पोटच्या मुलांकडे बी गट तिच्याकडूनच गेलेला होता. जे तिच्या रक्तात दिसत नव्हतं ते तिने दिलं कसं? उत्तर असं, की तिचं बी जनुक शाबूत होतं. दुसऱ्याच एका जनुकाने त्याला प्रकट होऊ दिलं नव्हतं. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनीही त्याच वर्षी रसायनाच्या बाजूने हाच धागा पकडला. लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीला आधी फ्युकोज जोडली जाते, तेव्हा एच तयार होतो. त्या एचवर ए जनुकाचं विकर एक साखर चढवतं, बी जनुकाचं दुसरी. एचच नसेल तर या दोघांना काही करताच येत नाही. भिंत नसेल तर खुंटी ठोकणार कुठे?

एका जनुकाने दुसऱ्याला असं झाकण्याला विल्यम बेटसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ‘एपिस्टॅसिस’ म्हटलं होतं. बेटसन आणि पनेट यांनी पांढऱ्या फुलांच्या दोन स्वीट पी जातींचा संकर केला, तर सगळी झाडं जांभळ्या फुलांची आली. पुढच्या पिढीत जांभळी आणि पांढरी 9 : 7 या प्रमाणात. रंगाला दोन जनुकं लागत होती, आणि प्रत्येक पांढऱ्या जातीत त्यातलं एकेक अधू होतं. फुलांत दिसलेला हा नियम माणसाच्या बाबतीत इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुढे भाटियांनी परळला, केईएमच्या आवारात, रक्तगटांच्या संदर्भ केंद्राची उभारणी केली. 1974 साली त्यांनी आणि साठे यांनी मुंबईतलं अशा रक्ताचं प्रमाण छापलं: सुमारे 7600 माणसांत एक. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास मानतात. आता कारणही हाती आहे. ए-बीचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचं एफयूटी-1 एकोणिसाव्यावर. आपल्याकडच्या अशा रक्ताच्या बऱ्याच जणांत या एफयूटी-1 मध्ये एका अक्षराची अदलाबदल झालेली आढळते.

म्हणूनच ‘अमक्या रोगाचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचली की मला पुढचं वाक्य हवं असतं: सोबत कोणती जनुकं होती? रक्तगटात निकाल होय किंवा नाही असा लागतो, म्हणून दोन जनुकांचं नातं नळीत दिसतं. उंची, रक्तदाब, मधुमेह यांत शेकडो जनुकांचे बारीक वाटे असतात, वर खाणंपिणं आणि राहणीमान. 1918 साली रोनाल्ड फिशर यांनी अशा गुणांचं गणित मांडलं, ते मुख्यतः बेरजेचं. पण बेरजेत न बसणाऱ्या परस्परप्रभावालाही त्यांनी त्यात जागा ठेवली होती. बेरजेने पुष्कळ काम भागतं हे मान्य. पण एखाद्या घरातलं दुखणं समजून घेताना तेवढ्यावर विसंबणं मला पटत नाही.

आमच्या कामात याचा उपयोग रोखठोक आहे. एच नसलेल्या रक्ताचा रुग्ण आला की आधी सख्ख्या भावंडांना बोलवायचं. आईवडील बहुधा ए, बी किंवा ओ असेच निघतात, कारण अधू एफयूटी-1 ची एकच प्रत त्यांच्याकडे असते. पण अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात दोन्ही प्रती अधू येण्याची शक्यता चारात एक असते. भावंड जुळलं तर त्याचं नाव आणि फोन दुर्मीळ दात्यांच्या वहीत जातो, आणि त्याला तेव्हाच सांगायचं, की उद्या तुम्हाला रक्त लागलं तर याच वहीतून शोधू.